गोंद न लावता रचलेलं गाव

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
५ मार्च २००९

हेडमास्तर वासुदेव यांस जहूरचा सलाम आणि नमस्कार (दोन्ही घे, दहा वर्षं एका बाकावर बसलोय).

या अकरा वर्षांत मी या दोन हातांनी केलेल्या वस्तू अशा: टॉवर एकेचाळीस (त्यांतले खरे उभे राहिले सव्वीस), मॉल तीन, मेट्रोचं स्टेशन एक, तांब्याच्या तारेची खजुराची झाडं सहा हजार दोनशे. त्याआधी, सातवीत, कागदाच्या लगद्याचा सह्याद्री एक. तो तुझ्या नावाने तालुक्यात पहिला आला. ते मी कधी काढलं नाही, आताही काढत नाही, फक्त यादी पुरी असावी म्हणून लिहिलं. आणि शेवटचं, एक आयरिश गाव.

तुझा गुडघा कसा आहे, वहिनींचा दमा या थंडीत किती वेळा उसळला, आणि शाळेची चित्रकलेची खोली अजून गळते का, हे सविस्तर कळव. (तिसऱ्या प्रश्नाचं कारण खाली येईल.)

आमचं काम तुला ठाऊक आहे. बिल्डर इमारत बांधायच्या आधी ती गिऱ्हाइकाला टेबलावर दाखवतो. ते टेबलावरचं मी करतो. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, बघून शिकलो, आणि इथले डिग्रीवाले माझ्याकडे स्केल विचारायला येतात (येत होते, आता तेच राहिले नाहीत). एका बिल्डरकडचे प्रोजेक्ट मॅनेजर कोलमनसाहेब आयर्लंडच्या पश्चिम टोकाचे. तिथे किनाऱ्यालगत अजून घरात आयरिश बोलतात, इंग्रजी नंतर शिकतात. आईशी फोनवर साहेब त्याच भाषेत बोलायचे, आणि फोन ठेवल्यावर त्यांना घटकाभर इंग्रजी सापडायचं नाही. (घरी फोन केल्यावर माझ्या हिंदीचं तसंच होतं.) गेल्या उन्हाळ्यात आई वारली, घर विकायला निघालं. साहेब फोटोंचं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, जहूर, आमची वाडी जशी आहे तशी करून दे.

जशी आहे तशी म्हणजे कशी, हे विचारण्यात दोन महिने गेले. झाड एकही नाही. जमीनसुद्धा आयती नाही. खडकावर वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून लोकांनी ती तयार केली. छपरं वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोऱ्यांनी बांधून दोऱ्यांना दगड लटकावतात. घराला समोरासमोर दोन दारं, वारा ज्या बाजूचा ते बंद. टेकडीवर बटाट्याच्या जुन्या शेतीचे वरंबे आहेत. एकशे साठ वर्षांपूर्वी बटाटा जमिनीतच कुजला, माणसं मेली, उरली ती बोटीने गेली, वरंबे तसेच राहिले. ते मी यम्नाच्या फणीने ओढले. (माझी धाकटी, नववीत. तिचं मत, "अब्बा, इट्स जस्ट स्टोन्स.") आणि एक रस्ता. त्या उपासमारीत धान्य फुकट द्यायला नको म्हणून सरकारने लोकांकडून रस्ते करून घेतले. जायचं कुठे ते ठरलंच नव्हतं, म्हणून हा दलदलीत जाऊन थांबतो. मी विचारलं, पुढे काय दाखवू? साहेब म्हणाले, काही नाही, तिथे पैसे संपले. तेव्हा सप्टेंबर होता. डिसेंबरात मंदी आली आणि मी काम करतो त्या शेडसमोरचा नवा रस्ताही वाळूत थांबला, मग मला फोटो बघावा लागला नाही.

पण खरी गोष्ट गडग्यांची. तिकडे शेताभोवती आपल्यासारखेच गडगे, नुसता दगडावर दगड. फटींतून पलीकडचा उजेड दिसतो, वारा आरपार जातो म्हणून गडगा टिकतो. आपल्याला निदान ये-जा करायला बांबूचं बेडं असतं. त्यांना कित्येक ठिकाणी तेही नाही. गाय बाहेर काढायची तर दगड उतरवायचे, गाय गेली की परत रचायचे. माझ्या अब्बांनी जन्मभर जांभ्याचे गडगे रचले, त्यांच्या मुलाने गडग्याला गोंद लावायचा? फुजैऱ्याच्या डोंगरातली खडी आणून, फोडून, चिमट्याने रचली. गडगे एकतीस, दगड नऊ हजार चारशे सोळा, गोंद शून्य.

याचा परिणाम मी लक्षात घेतला नव्हता. असं गाव हलवता येत नाही.

जानेवारीत कंपनीने एका मेलवर साठ माणसं काढली, त्यांत साहेब. जायच्या आदल्या दिवशी ते आले, आईच्या घरामागच्या गडग्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. म्हणाले, हा अगदी तसाच आहे, मी यावर बसायचो. मग म्हणाले, मला नेता येणार नाही, ठेवायला स्वतःची खोलीसुद्धा नाही. मोडू मात्र नकोस. मी शब्द दिला. आता माझाही व्हिसा कॅन्सल झालाय, शेड एकतीस तारखेला रिकामी करायची आहे. शेडचा मालक रोज टेबलाकडे बघून "जहूरभाई, यल्ला" म्हणतो, म्हणजे आटपा. तुझ्या कुलसुमभाभीने सांगून टाकलंय, "तुमच्या साहेबाच्या आईचं गाव आपल्या ओटीवर नको. माझ्या आईला तिथे जागा नाही म्हणालात." 

असो. सर्वांना यथायोग्य सांग, गुडघ्याला जप.

तुझा,
जहूर

ता. क. चित्रकलेच्या खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजून कळव, पावलांनी नको. मला आठ फूट बाय पाच फूट जागा हवी. एकतीस गडगे एकतीस डब्यांत भरून आणतोय, एप्रिलभर बसून परत रचीन. पंखा लावायचा नाही. तू दुपारी तिथे आडवा होतोस हे मला माहीत आहे. दुसरी खोली बघ. सह्याद्रीचं मी काढत नाही.

आणखी ता. क. गोंद शून्य लिहिलं ते खरं नाही. आईच्या घरामागचा गडगा एसीच्या झोताने सहा वेळा पडला, सातव्यांदा मी चिकटवला. साहेबांनी बोट ठेवलं तो तोच. सांगायला तोंड उघडलं होतं, त्यांचं बोट बघून मिटलं. तुझ्याकडे तो सुटा रचीन.

शेवटचा ता. क. एका हॉटेलच्या बारसाठी हे गाव विकत मागितलं होतं. अटी अशा: सगळं चिकटवायचं, वरंबे पुसून हिरवं गवत आणि मेंढ्या दाखवायच्या, आणि तो रस्ता पुढे नेऊन बारच्या दाराशी पोचवायचा. पहिल्या दोन अटींवर मी दिवसभर विचार केला. तिसरी ऐकून नाही म्हणालो. कुलसुमला आकडा अठराशे दिरहम सांगितलाय, तिने विचारलं तर तूही तोच सांग. पण बरोबर आकडा कुठेतरी लिहिलेला असावा: अठरा हजार दिरहम, आजच्या चौदाच्या भावाने दोन लाख बावन्न हजार रुपये.