सहा बाकांचं व्हार्निश

प्रिय कारागीर,

हे नाव तुला बाबांनी दिलं होतं. मी ते कधी तोंडाने घेतलं नाही. त्यांचा मुलगा मी, आणि मला मात्र ते ‘अरे ए’ म्हणायचे. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू बहुधा बायकोला हाक मारशील. मारू नकोस. हे आधी एकट्याने वाच.

इकडची खबरबात सांगतो. आरोग्यधामाची बाग होती तशीच आहे. ऑपरेशन झालेली माणसं अजूनही पहिल्यांदा चालतात ती वऱ्हांड्यापासून बागेतल्या पहिल्या बाकापर्यंतच, आणि तिथे टेकली की डोंगर चढून आल्यासारखा चेहरा करतात. सागवानी बाक आता अठ्ठावीस झालेत. लोखंडी खुर्च्यांचा गंज दर वर्षी तारेच्या ब्रशने खरवडतो, मग रेड ऑक्साइड, मग हिरवा रंग. वेताच्या खुर्च्या वऱ्हांड्यात घेतल्या, उन्हाने त्यांची वीण तडकत होती. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून तू बाकांच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले होतेस, ती युक्ती अजून चालू आहे. नव्या व्यवस्थापिका बाईंनी मला विचारलं, “ही कल्पना तुमची का?” मी हो म्हणालो. बघ, अजून सुधारलो नाही.

तू इथे कामाला आलास तेव्हा आपण दोघं पंचविशीतले. मी आधीच चार वर्षं बाबांच्या हाताखाली बाक घासत होतो. मला वाटलं होतं, चला, आता माझ्याही हाताखाली कुणीतरी आलं. आठ दिवसांत उलटंच झालं. घासून झाल्यावर बाबा प्रत्येक बाकावरून तळहात फिरवायचे. माझ्या बाकावर तो हात मधेच कुठेतरी थांबायचा. तुझ्या बाकावर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायचा आणि बाबा नुसतं “हं” म्हणायचे. त्या एका “हं”साठी मी काय वाट्टेल ते दिलं असतं. तू मात्र ते ऐकून न ऐकल्यासारखं पुढचा बाक उलटा करायला घ्यायचास. तुझा तो साधेपणाच मला जास्त झोंबायचा. जरा तरी मिजास दाखवली असतीस, तर तुझा राग करणं सोपं गेलं असतं.

आणि घरीही तेच. तुझी खोली आमच्या मागच्याच गल्लीत, म्हणून आईने तुला जेवायला बोलवायला सुरुवात केली. “त्याला अजून वाढ रे, दिवसभर अंगमेहनत करतो बिचारा,” ती मलाच सांगायची. मी काय दिवसभर झोपा काढत होतो? बाबा जेवताना कधी बोलायचे नाहीत, हे आमच्या घरचं ठरलेलं. पण तू समोर असलास की लाकडाचे रेषे, तेलाची जात, कुठल्या झाडाखाली बाक ठेवला की चीक पडतो, सगळं सुरू व्हायचं. ते इतकं बोलू शकतात हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, आणि तेही तुझ्यामुळे. मी पानातलं संपवून उठायचो. मी उठलो हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मग एक दिवस आरोग्यधामाचे मोठे साहेब बागेत आले. बाबा त्यांना म्हणाले, “माझ्यामागे हा बघेल सगळं.” मी चार पावलांवर ताडपत्रीची घडी घालत होतो. क्षणभर मला वाटलं, ‘हा’ म्हणजे मी. मान वर केली, तर बाबांचं बोट तुझ्याकडे होतं. ती ताडपत्री मी परत उलगडली, परत घडी घातली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

त्यानंतर आठवडाभरातच ते सहा बाक आले, कारंज्याभोवतीचे. तुला वाटतं की तुझी चूक झाली. मला माहीत आहे तुला तसंच वाटत असणार, कारण तू लगेच मान खाली घालणारा माणूस. तर ऐक. तू ते बाक धुऊन तीन दिवस उन्हात वाळवले होतेस. त्या सकाळी व्हार्निशचा डबा काढलास, आणि नवे ब्रश आणायला बाबांनी तुला बाजारात पाठवलं. तू फाटकाबाहेर गेलास आणि मी झारी भरली. सहाही बाकांवर, पट्ट्यांच्या फटींत, सांध्यांत, सावकाश पाणी ओतलं. घाईत नाही, रागाच्या भरातही नाही. रोपांना घालावं तसं. ऊन कडक होतं. तू परत येईपर्यंत वरचं सगळं सुकून गेलं, आत मात्र ओल राहिली. तू आलास आणि मला विचारलंस, “हात लावून बघितलास ना?” मी म्हणालो, “कोरडं ठणठणीत आहे.” तू स्वतः नाही तपासलंस. माझा शब्द होता, म्हणून नाही तपासलंस. सगळ्यात वाईट मला याचंच वाटतं. झारीचंसुद्धा इतकं नाही.

पुढचं तुझ्यासमोरच घडलं. तीन आठवड्यांत व्हार्निश पांढरं पडलं, फोड आले, पापुद्रे सुटायला लागले. पोटाला टाके घातलेल्या एक आजी तिथे बसल्या आणि उठताना त्यांच्या पांढऱ्या गाऊनला ती सालपटं चिकटून आली. त्या ओरडल्या, सगळे धावले. बाबांनी तुला माळ्यांसमोर, नर्सबाईंसमोर झापलं. “ओल्या लाकडावर व्हार्निशचा हात मारलास? हेच शिकवलं मी तुला?” तू काय म्हणालास आठवतं? “चुकलं, काका.” माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी ब्रश धूत होतो. दुसऱ्या दिवशी तू आलाच नाहीस, खोलीही रिकामी केलीस. मला आनंद झाला रे. दोन दिवस झाला. तिसऱ्या दिवशी कळलं की बाबा आता माझ्याही बाकांवरून हात फिरवत नाहीत. लांबूनच बघायचे आणि पुढे जायचे.

तुझं दुकान मी पाहिलंय. चार वर्षांपूर्वी कामासाठी तुझ्या शहरात आलो होतो, मुद्दाम वाट वाकडी करून तुझ्या रस्त्याला आलो. समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा होतो. बाहेर मांडलेल्या आरामखुर्च्या, झोपाळे, घडीची टेबलं. तुझी बायको गिऱ्हाइकाला हसून काहीतरी सांगत होती, तू आत उकिडवा बसून एका खुर्चीचा पाय बघत होतास. मला वाटलं होतं, तुला पडलेलं बघितलं तर लाज वाटेल आणि उभं राहिलेलं बघितलं तर हलकं वाटेल. दोन्ही झालं नाही. पुन्हा तोच जळफळाट. मी तुला हाकललं आणि तरी तू माझ्यापुढेच! रस्ता ओलांडलाच नाही. बसमध्ये बसलो आणि घरी आलो.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या रंगाऱ्याने ओलसर बाकावर हात मारला. मी त्याला झापायला तोंड उघडलं आणि त्याच्या हातातला ब्रश नुसता काढून घेतला. घरी आलो, बाबा अंगणात बसले होते, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, “माहीत आहे.” त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. लाकूड मुळात ओलं असतं तर पट्ट्या खालूनही फुगल्या असत्या, म्हणे. त्या खालून स्वच्छ होत्या. पाणी वरून ओतलेलं होतं, आणि बागेत तेव्हा मी एकटाच होतो. मी विचारलं, “मग त्याला का बोललात?” ते म्हणाले, “तो कुठेही गेला तरी कमवून खाईल, हे मला माहीत होतं. तुला हाकललं असतं तर तू कुठे गेला असतास?”

मी ते ऐकून आत निघून गेलो. वाचवलं मला, पण त्यातही कौतुक तुझंच. बापाने पदरात घेतल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र त्या वाक्यातला तूच दिसत राहिलास. आता सांग, या दुखण्याला काय औषध आहे?

पण पत्र एवढ्यासाठी लिहिलेलं नाही. मी दिलेला तुझा पत्ता बाबांनी त्या दिवसापासून खिशात धरून ठेवलाय. त्यांना नीट दिसत नाही, दोन जिने चढले की छाती भरते, तरी येत्या रविवारच्या बसचं तिकीट त्यांनी मला काढायला लावलं. एकच काढायचं म्हणाले, मला सोबत नको सांगितलं. माझ्या कुठल्या कामासाठी ते कधी बसमध्ये बसले नाहीत, हेही लिहून टाकतो, म्हणजे मनात राहायला नको. तुझ्या दारात उभं राहून ते तुझी माफी मागणार आहेत. बहात्तर वर्षांचा माणूस, ज्याने आईसमोरही कधी ‘चुकलं’ म्हटलं नाही, तो हात जोडेल. गड्या, ते होऊ देऊ नकोस. तुझ्या दारात त्यांना बोलायला सुरुवात करू देऊ नकोस, आधी आत घे, बसव. ती माफी त्यांची नाही, माझी आहे, आणि ती या पत्रात मी त्यांच्याआधी पाठवतोय. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त त्यांना मोकळ्या मनाने परत पाठव. इकडच्या बसस्टँडवर त्यांना घ्यायला मी येईन.

तुझाच,
त्या दिवशी खोटं बोललेला