अर्जुनाची साल आणि गोटीरामांचं काळीज

नाशिक,
८ मे १९८३

आदरणीय सावळीराम मामा,

सविनय जय भीम. तुमची आणि मामींची तब्येत कशी आहे ते सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात नुसतं ‘बरं आहे’ होतं.) आमचं ठीक. आजारी होतं ते दारातलं अर्जुनाचं झाड.

झालं असं, की शेजारच्या गोटीरामांची छाती धडधडायला लागली. (रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांना ती ऐकायला सवड मिळते.) अर्जुनाची साल काळजाला चांगली, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. मी ओझरला ड्युटीवर असताना त्यांनी कोयता घेऊन बुंधा जवळजवळ चहूबाजूंनी सोलला. चार बोटं साल शिल्लक राहिली, तीसुद्धा तुमच्या सुनेने, कुसाने, पाहिलं म्हणून.

“झाडाला काय कळतंय?” गोटीराम म्हणाले.

“तुमची अशी सोलली तर?” कुसाने विचारलं आणि सगळी साल हिसकावून घेतली.

नर्सरीत विचारलं तर म्हणाले, पूर्ण गोल सोललं असतं तर झाड गेलंच होतं. आता त्या चार बोटांवर त्याचा जीव. कुसाने साल ओली होती तोवरच परत बसवली होती. मी वरून चिखल थापला आणि तिच्या साडीने घट्ट बांधलं. (जुनी साडी समजून मी लग्नातली घेतली. त्यावर इथे काही लिहीत नाही.) जाणारे-येणारे ‘कुठे पडलं?’ म्हणून विचारत.

गोटीराम आठवडाभर आमच्या दाराकडे फिरकले नाहीत. मग डॉक्टरांकडे गेले. काळीज ठणठणीत निघालं. धडधड चहाची होती. दुसऱ्या दिवशी ते बादली घेऊन आले आणि झाडाला पाणी घातलं. तेव्हापासून रोज येतात, बुंध्याला हात लावून उभे राहतात. नाडी सापडत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

एका बाजूच्या फांद्या वाळल्या, त्या तोडल्या. दुसऱ्या बाजूला पालवी आली आहे. झाड वाकडं दिसतं, पण आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
निवृत्ती

ता. क. मामींचं वेगळं पत्र आलं. चार पावलं चाललं की तुम्हाला दम लागतो आणि तुम्ही डॉक्टरांऐवजी काढे पिता. शनिवारी पहिल्या गाडीने निघा. इथल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे.

ता. क. २. येणार नसाल तर न्यायला इगतपुरीला कुसा येणार आहे. मी तिला अडवू शकत नाही.