हुरडा आणि जेवणाच्या मधला फेर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात आता तुमचा विषय निघत नाही. निघालाच तर भिंतीवरच्या फोटोकडं बघून माझ्या मुलाच्या 'आजोबा कडक होते म्हणे' एवढ्यावर संपतो. मीही काही रोज तुमची आठवण काढत बसत नाही, खोटं कशाला बोलू? पण परवा जे बघितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी माझं पुस्तक पुढं सरकवून 'वाच, मी ऐकतो' म्हणायचात आणि मी जे सापडेल ते वाचत सुटायचे, तसंच समजा.

माझ्या विहीणबाई आल्या होत्या. मुलाच्या सासूबाई, नाशिकच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. तुळजापूर, अक्कलकोट आणि सोलापूर असा आमचा दोघींचा दौरा मुलानं ठरवून दिला, गाडी करून दिली, आणि घरच्यांनी 'तुम्ही बायका जा' म्हणून अंग काढून घेतलं. बाई मनानं चांगल्या आहेत. पण फिरायला निघाल्या की त्यांना काही म्हणजे काही सुटलेलं चालत नाही. तुळजापूरला दर्शन झाल्यावर मी सावलीत टेकले, तर यांना प्रत्येक कमानीचा फोटो हवा. अक्कलकोटला एक दुकानदार कानडीत बोलला, तर त्याच्याकडून दोन वाक्यं शिकून घेतली आणि गाडीत मला दिवसभर ऐकवली. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं वळली, तुमच्या मेंढरांसारखीच, पण ही एक बाई मला वळेना.

अक्कलकोटहून परत येताना त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. मंद्रूपच्या रस्त्याला कुणीतरी शेतात पर्यटन केंद्र काढलंय. 'ग्रामीण संध्या' असं नाव. हुरडा, बैलगाडीची चक्कर, धनगरी नृत्य आणि मग जेवण. असं एकाखाली एक लिहिलेलं, हॉटेलच्या भिंतीवर भजी, मिसळ, चहा लिहितात तसं.

"उद्या संध्याकाळी हे करू या," त्या म्हणाल्या.

"मला नाही यायचं. तुम्ही जा, गाडी आहेच."

"का हो? तुमच्याच भागातलं आहे ना?"

"म्हणूनच."

त्यांना वाटलं, माझे गुडघे दुखत असतील. दुखतात, पण ते कारण नव्हतं. हुरडा पोटात गेलाय, जेवण अजून मांडायचंय, तेवढ्यात लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून आपला फेर? खुर्चीत रेलून, दातांत काडी घालून बघायला? आबा, माझ्या डोळ्यांपुढं तुम्हीच येता. एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीला बोलवायला जीप घेऊन माणसं आली होती. तुम्ही दारात बसून दावं वळत होता. त्यांचं सगळं ऐकून घेतलंत, त्यांना चहा दिलात आणि म्हणालात, "आमी देवापुढं नाचतो, जीपपुढं न्हाय." आणि पुन्हा दावं वळायला लागलात. माणसं गेली तरी मान वर केली नाहीत. आई आतून चिडून बोलत होती, की मोठ्या माणसांना असं कुणी बोलतं का. मला मात्र त्या दिवशी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही.

आणि दुसरी भीती विहीणबाईंची. तुम्ही मेंढरं राखायचात हे लग्न जमवतानाच मी त्यांना सांगितलं होतं, मान ताठ ठेवून. पण बिरोबाच्या जत्रेत हातात रुमाल घेऊन तुम्ही फेराच्या पुढं असायचात, तुमचं पाऊल बघून मागची सगळी माणसं पाऊल टाकायची, हे नव्हतं सांगितलं. ते सांगून कळत नाही. आता ते असल्या ठिकाणी बघून त्या हसल्या तर? नुसतं 'किती गोड' म्हणाल्या तरी माझं डोकं फिरलं असतं. माझी जीभ कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. सुनेची आई आहे ती. एकदा तोंडातून वाकडा शब्द गेला की दोन्ही घरांत कायमची अढी बसणार.

त्या काही पिच्छा सोडेनात. शेवटी गाडी सोलापुरात शिरेपर्यंत आमची तडजोड झाली. मी यायचं, पण मागच्या ओळीत बसायचं, आणि नाचाला अर्धा तास झाला की मी म्हणेन तेव्हा उठायचं, जेवणासाठी थांबायचं नाही. त्या बदल्यात परवा सकाळी नवी पेठेत त्यांना चादरी घ्यायला मी तोंड वाकडं न करता हिंडायचं. शाळेतल्या पोरींसारखा आम्ही हातावर हात मारला. ड्रायव्हर आरशातून बघून हसला.

हुरडा चांगला होता, हे मान्य करते. कोवळा, नुकताच भाजलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. विहीणबाईंनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि गप्प झाल्या, सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच. बाकी सगळं मला वाटलं होतं तसंच. हिरवळीवर पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या, झाडांना रंगीत दिव्यांच्या माळा, आणि जाकीट घातलेला एकजण माईकवर बोलतोय, "आता आपल्या मनोरंजनासाठी..." मनोरंजन म्हटल्याबरोबर मी घड्याळ बघितलं.

मग पोरं आली. पोरं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची, दोघे-तिघे मोठे. धोतर, बंडी, फेटे, हातात रुमाल. मी आधी त्यांच्या पायांकडं बघितलं. अनवाणी होते. कुंपणाजवळ सगळ्यांच्या चपला काढून ठेवलेल्या. ढोलवाल्यानं कनवटीची पुडी सोडली, ढोलाला भंडारा लावला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि मग एकेकाला लावत फिरला. जाकीटवाला 'चला, चला' करतोय, आणि हा आपला शेवटच्या पोरापर्यंत सावकाश जातोय. मी पाठ सरळ करून बसले. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं.

ढोल वाजला. आबा, तो छातीतच वाजतो की, कानात नाही. फेर धरला, रुमाल वर गेले, पहिलं वळण आलं, आणि वळणावर सगळेच्या सगळे थांबले. एक श्वासभर. डावा पाय टेकवून, खांदा किंचित खाली घेऊन. ढोलही तेवढा थांबला. मग पाय ओढून घेतला आणि फेर पुढं गेला. मला वाटलं, मला भास झाला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

तुम्हाला आठवतंय ना? एडक्यानं धडक दिली, डावा गुडघा मोडला, गावातल्या वैदूनं बांधला तो तसाच ताठ राहिला. त्या वर्षी जत्रेत सगळे म्हणाले, 'तुमी बसा.' तुम्ही रुमाल घेऊन पुढं उभे. वळणावर डावा पाय येईना. तो टेकवायचा, श्वास घ्यायचा, मग ओढून आणायचा. ढोल काकाच्या गळ्यात होता. त्यानं तुमचा पाय बघितला आणि तेवढ्या जागी हात उचलून धरला. मागच्यांनी तुम्हाला बघून पाय टेकवला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळा फेर तुमच्याबरोबर लंगडला, म्हणून तुम्ही लंगडताय हे परगावच्या कुणालाच दिसलं नाही. आई माझ्या शेजारी उभी राहून रडत होती आणि मला कळत नव्हतं, आता रडायला काय झालं. पुढं तुम्ही असेपर्यंत फेर तसाच चालला. आणि इथं, तुम्ही गेल्यावर जन्मलेली पोरं, धडधाकट गुडघ्यांची, दर वळणाला तुमचा पाय टाकत होती. माझ्या बापाचा पाय आहे हा, असं उठून ओरडावंसं वाटलं.

अर्धा तास कधी झाला मला कळलं नाही. विहीणबाईंना कळला. ठरल्याप्रमाणे त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि त्या उठल्या. "चला. मी शब्द दिलाय." मी पदर धरून त्यांना खाली ओढलं. "बसा. फेर चालू असताना उठायचं नाही." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं, कुजबुजत, ढोलाच्या वर जेवढं ऐकू जाईल तेवढं. लहानपणी तहान लागली म्हणून मी चालू फेरातून आडवी पळत गेले होते, तेही सांगितलं. फेर संपल्यावर तुम्ही माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिलात आणि म्हणालात, "आता पी. पर फेर चालू हाय तवर कुणी उठायचं न्हाय. बघणाऱ्यानं बी. त्यो बी फेरातच असतो की." मग तुमच्या पायाचं सांगितलं. त्या ऐकताहेत आणि बघताहेत. पुढचं वळण आलं, फेर थांबला, तर त्यांचाही श्वास थांबला. मी बघितलं ना. हसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी सँडलचे पट्टे सोडले आणि पाय गवतावर ठेवले. मी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात जाकीटवाला माईकवर, "जेवण तयार आहे, सर्वांनी लाभ घ्यावा." फेर अजून चालूच. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, मागं कुणीतरी दुसरं गाणंही लावलं. मला वाटलं, आता पोरं थांबतील, त्यांना तरी काय पडलंय. पण पुढच्या गड्यानं जेवणाकडं मान वळवली नाही. ढोलवाल्यानं ढोलाचा आवाज थोडा मोठा केला, एवढंच. एक माणूस दोन पोरांना घेऊन फेरातून सरळ पलीकडं निघाला, आणि माझ्याआधी विहीणबाई उभ्या राहिल्या, वर्गातल्या आवाजात. "अहो, इकडून नाही. फेर चालू आहे. बसा, नाहीतर कडेनं जा." तो माणूस गुपचूप कडेनं गेला. दोन-चार जण परत बसले. त्या दुसरं गाणं लावणाऱ्याकडं गेल्या, काय बोलल्या कोण जाणे, ते गाणं बंद झालं. फेर पुरा झाला तेव्हा समोर फार माणसं उरली नव्हती. त्या पोरांनी आधी जमिनीला हात लावून डोक्याला लावला, मगच घाम पुसला. जीपपुढं नाचणारी माणसं नव्हती ती, आबा.

मी पुढच्या गड्याकडं गेले. तिशीचा असेल. गाव विचारलं, तर आपल्या गावाच्या पलीकडचं.

"वळणावर थांबता, ते कुणाकडून शिकलात?"

"शिकलो असं न्हाय बाई. आमच्याकडं पयल्यापास्नं हाय ते. तितं बिरोबाला नमस्कार असतोय. सगळ्यांनी एकदम पाय टेकायचा."

"पण कुणीतरी सुरू केलं असेल."

"देवाचंच हाय की ते. माणूस कशाला सुरू करंल?"

विहीणबाईंनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला, जरा जोरातच. त्या गड्यानं आम्हा दोघींच्या कपाळाला भंडारा लावला आणि तो जेवायला गेला. आम्हीही मग जेवूनच निघालो. तडजोडीचं काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत त्या एकामागून एक चादर उलगडत होत्या आणि मी बिनतक्रार 'ही छान, ती छान' करत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "सांगितलं का नाही त्याला? तुमच्या वडिलांचं नाव राहिलं असतं." मी म्हटलं, "त्या पोरांचा नमस्कार आहे तो, आपण कशाला मोडायचा? माझ्या बापाचा पाय देवाच्या नावानं चालतोय, यापेक्षा मोठं नाव कुठलं?" त्यांना ते फार पटलं. चादर तशीच हातात धरून उभ्या राहिल्या, डोळे भरून आले त्यांचे. घरी जाऊन लेकीला फोनवर सांगितलं म्हणे, तुझ्या सासूबाई फार मोठ्या मनाच्या आहेत.

तुमच्याजवळ खरं बोलायला हरकत नाही, हे कागद काही कुठं पोचत नाहीत. मन मोठं वगैरे काही नव्हतं. मला भीती वाटली. तो लंगडा पाय होता असं कळलं असतं, तर पोरांनी तो सरळ केला असता.