मंजिष्ठेच्या हंड्यातली फुलं

मंगळवार, रात्र

झोपायच्या आधी लिहितेच. फुलं आली.

सकाळी आजोबांचा लाकडी ठसा तुरटीच्या खळीत बुडवून ओढणीवर मारला. खळीत गेरू घालायचाच विसरले, म्हणून ठसा कुठे पडला तेच दिसेना. वाळल्यावर कापड कोरंच. लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानदाराला उद्या नमुना दाखवायचाय, आणि हे असं. धाकटा गिरीश म्हणाला, "अय्यो ताई, सुम्ने, उगाच पांढरं कापड उकळतेस काय?" मलाही तसंच वाटलं. बाबा पेपरातून वर बघेनात. घरचं रंगकाम सोडून बँकेत लागल्यापासून त्यांची नखं कायम स्वच्छ.

तरी मंजिष्ठेच्या लाल रंगाच्या हंड्यात ओढणी सोडली, ढवळत राहिले. तुरटी लागली होती तिथेच रंग धरला. आधी गुलाबी, मग लालभडक, एकेक फूल. मी ओरडलेच. बाबा आले, काठीवरची ओली ओढणी त्यांनी हातात घेऊन पसरली. "बंतु, नोडु," म्हणाले. आलं बघ. आणि लगेच, "ही ओळ वाकडी गेलीय. पुढची मी मारतो."

खरंच म्हणाले ना? की मला तसं ऐकायचं होतं?

आत्ता जेवताना बघितलं. वरणभात कालवणाऱ्या बोटांची नखं लाल. घासलीच नाहीत त्यांनी.