शब्द टाकला नाही

रविवार, सकाळ

चि. भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात वेगळे मागायचे? आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही. गच्चीची गळती काढायला माणूस आला होता. त्याने एक भोक बुजवलं आणि दोन नवी पाडली. शेवटी मीच चढलो. आई खालून ओरडत होती, "अहो, उतरा आता! पडलात तर उचलणार कोण?"

बरं. तू फोनवर आईला सांगितलंस ते तिने मला सांगितलं. कंपनी सोडते आहेस आणि बाबांनी त्यांच्या जुन्या केंद्रात तुझ्यासाठी शब्द टाकावा. आई नाचायचीच बाकी होती. आमचं सरकारी अवकाश केंद्र सोडून तू त्या कंपनीत गेलीस तेव्हा मी केलेला तमाशा अख्ख्या गल्लीने ऐकलाय. "रॉकेट म्हणजे काय किराणा आहे, कोणीही उठावं आणि दुकान मांडावं?" म्हणजे आता सगळं माझ्या मनासारखं झालं.

तुमचं रॉकेट उडालं तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. मग ते कललं, आणि गेलं समुद्रात. लगेच आमच्या जुन्या फोरमनचा फोन. "काय रे, आपटलं ना पोरीचं दुकान?" हसत होता लेकाचा! असा झापला त्याला, की पुन्हा फोन करणार नाही. तू तिथे एकटी काय करत असशील, एवढंच डोक्यात होतं.

मागच्या आठवड्यात तुझा साहेब घरी आला होता. पोरगेलाच आहे गं, पण चहा पिताना ऐकून घेत होता, ते मला आवडलं. म्हणाला, "काका, तुमची पद्धत तिने आमच्याकडे आणली." आमच्या केंद्रात रॉकेट पडलं की दुसऱ्या दिवशी कुणी रजा घ्यायची नाही. मोठ्या साहेबापासून हेल्परपर्यंत प्रत्येकाने उभं राहून आपल्या कामात काय चुकलं असेल तेवढंच बोलायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. तू सगळ्यांत आधी उभी राहिलीस म्हणे. "व्हॉल्व्ह माझा होता. इंधनाच्या गारठ्याने अडकला असेल. गारठ्यातली चाचणी मी एकदाच घेतली." मग बाकीचे बोलले आणि कामाला लागले. तू बोललीस आणि राजीनामा दिलास.

अगं वेडे, पद्धत अर्धीच उचललीस की! बोलायचं ते पुन्हा हात घालता यावा म्हणून. निघून जायला नव्हे.

आणि एक सांगतो. आमचं पडलं तरी एक तारखेला पगार यायचा. तुमचं आणखी एक पडलं तर कंपनीला कुलूप. तरी ती माणसं दुसरं जोडायला बसलीत. एवढी छाती माझी नव्हती.

मी केंद्रात जाऊन आलो. संचालकबाईंनी अगत्याने बसवलं. "काय काम काढलंत?" मी म्हणालो, "काही नाही, सहज इकडून चाललो होतो." आणि उठून आलो. शब्द टाकला नाही. टाकणारही नाही.

तुला वाटेल, बाबा अजून रागात आहे म्हणून दार लावून घेतोय. नाही गं. घरी ये, हवं तितकं राहा, आईचं डोकं खा. पण नोकरी इथे मागू नकोस. साहेबाने तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही. तो व्हॉल्व्ह तूच नीट कर.

आई माझ्याशी बोलत नाहीये. म्हणते, "पोरगी आपणहून जवळ येत होती, तुम्हीच अडवलीत." खरं आहे तिचं. मला तू इथे हवी आहेस, रोज हवी आहेस. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले.

पत्र हाती पडलं की आहेस तशी ऊठ आणि कामावर जा.

तुझी वाट बघणारा,
बाबा