आईच्या हळदीतला विषाणू

आई, तुझ्या हळदीत विषाणू सापडला. आजवर कुणी न पाहिलेला, अजून नावही नसलेला. आणि सापडला तो तुझ्याच लेकीला, तिच्या चुकीनं. सांगलीच्या प्रयोगशाळेत शेतातली पिवळी पडलेली हळद तपासायला आली होती. ताडून पाहायला निरोगी पान हवं, म्हणून मी माझ्या गॅलरीतल्या कुंडीतलं, तू दिलेल्या हळदीचं, तोडून नेलं. तुझी हळद म्हणजे निरोगीच, हे मी धरूनच चालले होते. पिवळ्या पानात नवं काही निघालं नाही, तुझ्या हिरव्यागार पानात निघालं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मात्र दिवसभर इस्लामपूरच्या आपल्या परसात होते. न्हाणीच्या पाण्यावर हळद माजली आहे आणि निघालेल्या पाहुणीला तू हाक मारतेस, "आवं, मोकळ्या हातानं जाऊ नगा, बेणं घिऊन जावा." मातीनं भरलेले ते गड्डे बघून मी लाजायचे. हळद गड्ड्यातूनच वाढते, म्हणजे तू जिथं जिथं दिलीस तिथं हा विषाणूही गेला असणार. किती माणसं जोडली होतीस गं! तू गेल्यापासून मला सणाला फोन करायलाही कुणी उरलेलं नाही.

विषाणू नवा म्हणजे घातकच, असं नसतं. पण तो काय करतो ते कळेपर्यंत गप्पही बसता येत नाही. पानाचा रस मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपांवर चोळला, रोग पसरवणारे मावा किडेही सोडून पाहिले. रोपं मजेत आहेत. आता तू दिलेली हळद ज्यांच्या परसात आहे, तिथली पानं तपासायची. घातक निघाला तर ती सगळी उपटायला सांगायचं, तेही मीच. साताऱ्याच्या मावशीनं मला थेट मागच्या दारी नेलं. "बघ की, तुजी आईच हाय ही. लय माया हाय हिला." मी पान तोडून पिशवीत घातलं. मग चहा झाला, तुझ्या गोष्टी झाल्या. निघताना तिनं गड्डे पुढं केले. मी म्हटलं, "मावशी, इतक्यात कुणाला देऊ नकोस." तिनं गड्ड्यांवरची माती झाडली. मग म्हणाली, "मग तुला मोकळ्या हातानं कशी लावून देऊ?"

त्यानंतर बरीच घरं झाली. कुठंच हळद खराब नाही. धोका कमी, असं मी अहवालात लिहूनही टाकलं आहे. खरं तर नमुने पुरेसे झालेत, आई. तरी उद्या म्हसवडला निघाले आहे, तुझ्या मैत्रिणीकडे. ऑफिसात सांगितलंय, अजून पानं लागतील.