धुरासाठी फाडलेलं पोतं

८ जानेवारी
धुळ्याहून मधमाश्यांच्या दोन पेट्या आल्या. पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत पोचलो. पारोळ्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला, तिथे टेम्पोवाल्याला तीनदा सांगितलं, हळू. वाटभर माझा हात पेटीवर. आत गुणगुण चालूच. पेट्या वंदनाच्या नावावर आहेत. वंदना माझी सून. पूर्ण नाव लिहायला बोटं दुखतात, वं. लिहीन. गजानन सुरतला, कापडाच्या कारखान्यात. घरात मी आणि ती.
बायकांच्या गटातून प्रशिक्षणाला दोघी गेल्या होत्या, वं. आणि रत्ना. रत्ना म्हणजे बांधाला बांध असलेल्या भगवानची बायको. पेट्या आधी वं.ला. माश्या हंगामभर टिकल्या तर पुढच्या दोन रत्नाला. तसं ठरलंय. दोघींच्या शेतात बियाण्याचा कांदा आहे. फुलांचे गोंडे फुटायला लागलेत. माशी बसली नाही तर बी भरत नाही.

९ जानेवारी
प्रशिक्षणातला कागद वं.ने मला वाचायला दिला. एका बाजूला ‘लागतंच’, दुसऱ्या बाजूला ‘असल्यास बरं’. मला सगळंच लागतंच वाटलं. ती हसली. पेटी, खाली लोखंडी घोडा, घोड्याच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंगी वर चढत नाही. तोंडाला जाळी, हातमोजे. चौकटी सोडवायला चपटी पट्टी. मऊ ब्रश. साखरेच्या पाकासाठी पसरट भांडं. आणि धुराडं, भात्याचं, डब्यासारखं. धूर दिला की माशी नरम पडते. धुरासाठी स्वच्छ तागाचं पोतं. ‘स्वच्छ’ या शब्दाखाली तिने रेघ मारलेली. साहेबांनी तीनदा सांगितलं म्हणाली.
वाट्या मी दिल्या. माझ्या बायकोच्या वेळच्या पितळेच्या, माळ्यावर पडून होत्या.

११ जानेवारी
घोडे उभे केले, पाय वाट्यांत. कडुनिंबाखाली, तोंड पूर्वेला. जाळ्या रत्नाने शिवल्या, जुनी मच्छरदाणी कापून गवती टोपीला. तिघांच्या तीन. मी घातली तर रत्ना म्हणते, “आबा, नवरदेव दिसी राहिनात. फक्त घोडं आननं बाकी शे.” वं. म्हणाली, घोडं तर उभं केलंय. दोघी एवढ्या हसल्या की माश्या चिडतील म्हणून मी ओरडलो.
या दोघी सोबत असल्या की घर भरल्यासारखं वाटतं.

१९ जानेवारी
वं.ने पेटी उघडली. रत्ना धुराडं धरून. दोन भाते, जास्त नाही. मला लांब उभं केलं. राणी दाखवली, लांबट, बाकीच्या तिच्याभोवती वाट करून चालतात. मला नीट दिसली नाही, दिसली म्हटलं.
मला उघडू देत नाहीत. म्हणे हात थरथरतो. थरथरतो, खरं आहे.

२ फेब्रुवारी
कांदा पांढरा झालाय फुलांनी. सकाळी उभं राहिलं तर नुसता आवाज. रत्नाच्या शेतातही आमच्याच माश्या. ती म्हणाली, “फुकटना मजूर शेतस आबा, जेवाले बी घरनं आनतस.”

४ फेब्रुवारी
वं. शिंदखेड्याला माहेरी गेली. तिचे वडील पडले, मांडीचं हाड. तीन दिवस लागतील. जाताना दोनदा, मग बसमधून फोनवर तिसऱ्यांदा, “आबा, पेटी उघडू नका. फक्त वाट्यांमां पानी टाका.”
पाणी टाकलं. सकाळ-संध्याकाळ.

६ फेब्रुवारी
दुपारी पहिल्या पेटीचा आवाज कमी वाटला. कान लावला. कमीच. आत मुंग्या शिरल्या असतील, राणी मेली असेल, काय काय डोक्यात. रत्नाला बोलवावं, तर ती आणि भगवान पारोळ्याला बाजारात. फोन करावा वं.ला, तर ती म्हणेल उघडू नका.
उघडली. दोन्ही उघडल्या. पहिलीत सगळं ठीक होतं. भरलेली होती. उगाच
बाकी लिहीत नाही.

७ फेब्रुवारी
पहिल्या पेटीच्या दारात ढीग. ओंजळी भरून निघाव्या एवढा. काही अजून पाय हलवत होत्या, जीभ बाहेर. आत चौकटींवर काही नाही. दुसरीत निम्म्या उरल्या असतील.
भगवान बांधावर आला, ढीग पाहिला. काल सांजेला त्याने कांद्यावर फुलकिड्यांचं औषध मारलं होतं. हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
वं. आली. पेटीसमोर बसून राहिली. रडली नाही. मग उठून बांधाशी गेली.
“रत्ना, दोन दिन थांबती ते काय व्हतं?”
“आम्ही सांजलेच मारं, वंदना.”
“मंग ह्या कोनी मारात?”
मी कडुनिंबाला टेकून उभा. तोंड उघडलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. वं.ने माझ्याकडे पाहिलं, मी म्हणालो, “आत चल, ऊन लागंल.” एवढंच म्हणालो. ऊन लागंल.

९ फेब्रुवारी
लिहून ठेवतो. नाहीतर मीच उद्या म्हणेन असं झालंच नाही.
वं.ने धुरासाठी पोत्याचे तुकडे धुऊन, वाळवून डब्यात ठेवले होते. मला डबा सापडला नाही. मी नीट शोधलाही नाही. घाई होती. गोठ्यात खुंटीला पोतं होतं, तेच फाडलं. ते पोतं मी कपाशीला औषध मारताना पाठीला बांधायचो. पंप गळतो, सदरा खराब होऊ नये म्हणून. किती वर्षं बांधलं. त्यात काय काय मुरलंय.
पेटवल्यावर वास आला. आला होता वास. ओळखीचा. मी म्हणालो, जुनं आहे, उडून गेलं असेल. पहिल्या पेटीला सात-आठ भाते दिले, भीतीने. दुसरीला दोनच दिले, तोवर डोळे झोंबायला लागले.
उरलेलं पोतं चुलीत घातलं. राख उकिरड्यावर.

११ फेब्रुवारी
वं. रत्नाशी बोलत नाही. रत्ना पाण्याला आमच्या विहिरीवर यायची, आता लांबच्या हातपंपावर जाते. दोन खेपांत तिला धाप लागते, दम्याचा त्रास आहे तिला.

१३ फेब्रुवारी
प्रशिक्षणाचे साहेब आले. मेलेल्या माश्या हातावर घेतल्या, म्हणाले, औषधच आहे. कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांनी आपापलं ठरवलं. गटातली एक जण म्हणाली, अशा घरात पेट्या द्यायच्या म्हणजे. पुढचं बोलली नाही, सगळ्यांना कळलं.
रत्नाचं घर बौद्ध वस्तीत. आमच्या गावात दोष ठेवायला तिकडचं घर लवकर सापडतं. हे मला या वयात कोणी शिकवायला नको. माहीत असून मी साहेबांना चहा दिला.
साहेबांनी एक प्रश्न विचारला, दोन पेट्या शेजारी, एक पूर्ण गेली, दुसरी निम्मी, असं कसं? वं. म्हणाली, तेच कळत नाही. मी कपबशा आत नेल्या.

१५ फेब्रुवारी
वं. हाताने गोंडे चोळते. तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्यावर. म्हणते माशीचं काम आहे, माणसाला कुठं जमणार. तळहात पिवळे. मीही चोळले. अर्धा वाफा झाला, कंबर धरली.
उरलेल्या अर्ध्या पेटीतल्या माश्या येतात, पण कमी. मोजता येतील एवढ्या.

१७ फेब्रुवारी
भगवान वाटेत भेटला. मान खाली घालून जात होता, मग थांबला.
“आबा, दिन बुडना, मंग मारं. माश्या पेटीमां गयात, मंग पंप उचला. तुमनी वंदनानीच सांगेल व्हतं ना.”
मी म्हणालो, “हो रे.”
“मंग कसं व्हयनं?”
“काय माहीत.”
त्याने औषध मारणं बंद केलंय. गोंड्यांवर फुलकिडे चढलेत, पाती पांढरी पडलीय. त्याने मला दाखवली. मी चष्मा नाही म्हटलं. चष्मा खिशात होता.

२० फेब्रुवारी
गटाची मीटिंग २६ ला, शाळेत. पुढच्या पेट्या कोणाला ते ठरणार. रत्नाचं नाव यादीतून काढायचं आहे. वं.ला बोलायला सांगितलंय, नुकसान तिचं म्हणून. ती काय बोलायचं ते कागदावर लिहिते, खोडते.
आज सांगायचं ठरवलं होतं. ती ताटात भाजी वाढत होती. म्हणालो, “वंदना.” ती म्हणाली, “मीठ कमी शे का?” म्हणालो, हो. मीठ बरोबर होतं.

२१ फेब्रुवारी
नाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी
गजाननचा फोन. म्हणतो, आबा, तुमचा आवाज का पडला? सर्दी म्हटलं. त्याला सांगून टाकावं वाटलं, मग तो तिला सांगेल, मला तोंड दाखवायला नको. किती हलका विचार. फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी
वं. धुराडं घासायला घेऊन बसली. दुसरी पेटी पाहायची म्हणे. आतला काळा थर पट्टीने खरवडला, नाकाशी नेला. परत नेला. माझ्याकडे पाहिलं नाही. धुराडं तसंच बाजूला ठेवून हात धुतले, दोनदा साबण लावून.
तिला कळलं की काय.

२४ फेब्रुवारी
सांगितलं.
सकाळी ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. समोर बसलो आणि खुंटीपासून सगळं सांगितलं, वासासकट. सूप थांबलं. मग,
“दुसरी पेटी अर्धी कशी वाचनी, तेच माले इतला दिन उमजेना.”
मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, चुकलं ते त्या दिवशी. त्यानंतरचे दिवस काय होते, आबा?
“मी तिले काय काय बोलनू. तिनी जात काढनारीसनं मी आयकं, तरी गप राहिनू.”
परत पाखडायला लागली. हात चालत होते, दाणे बाहेर सांडत होते. मी वेचायला वाकलो तर म्हणाली, राहू द्या.

२५ फेब्रुवारी
ताट ठेवते आणि आत जाते. जेवण वेळेवर. म्हणालो, उद्या मीटिंगमध्ये तू सांगशील ना, मला तिथं बायकांत…
“मी सांगाव नही. तुम्हीच सांगा. बठ्ठ्यास्ना समोर.”
सगळ्यांसमोर. बरोबर आहे. माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो. सांगून मोकळं व्हायचं आणि निस्तरायला तिला लावायचं.

२६ फेब्रुवारी
सदरा धुतलेला घातला. शाळेत सतरंजीवर वीस-एक बायका. मी दारात. आबा कसे आले, असं कुणीतरी. रत्ना मागे भिंतीला टेकून, एकटी, आजूबाजूला जागा मोकळी.
घरून पाठ करून गेलो होतो. तिथे ‘धुरासाठी पोतं’ एवढंच निघालं आणि खोकला लागला. वं. उठून पाणी द्यायला आली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिलं. मग सांगितलं. औषध भगवानचं नव्हतं, माझ्या पोत्यातलं होतं. उघडू नका सांगितलं असताना उघडली. आणि अठरा दिवस दोष त्या घरावर ठेवू दिला, कारण ठेवायला सोपं होतं. हे शेवटचंही म्हणालो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
एक जण हळूच म्हणाली, म्हातारं माणूस, होतं. ते ऐकून जास्त वाईट वाटलं. भगवानला असं कोणी म्हणालं नव्हतं.
रत्नाचं नाव परत लिहायचं ठरलं. तेव्हा ती बोलली, बसूनच.
“माले पेट्या नको. उद्या कोनी बी माशी मरी, ते पहिले मनंच घर दखाई.”
आणि उठली. माझ्याजवळून गेली तेव्हा थांबली. मला वाटलं बोलेल. चप्पल पायात नीट बसत नव्हती, ती बसवून गेली.

२७ फेब्रुवारी
भगवानकडे गेलो. त्याने बाज टाकली, बसा म्हटलं, पाणी दिलं. म्हणाला, “आबा, तुम्ही सांगं ना, बस व्हयनं.” आवाज नेहमीचा. रत्ना आत भांडी घासत होती, बाहेर आली नाही. परतताना त्याच्या कांद्यातून आलो. चष्मा लावून पाहिला. गोंडे निम्मे वाळलेत.

१ मार्च
दुपारी वं. पेटीकडे गेली, उरलेल्या माश्यांना पाक ठेवला. मग हातपाय धुऊन, लुगड्याचा पदर नीट करून म्हणाली, रत्नाकडे जाऊन येते. हातात काही नाही. मी म्हणालो, येऊ का? “नको.” पुन्हा म्हणाली, “नको, आबा.” दुसऱ्या वेळी जरा मऊ.
ओट्यावर बसून लिहितोय. इथून वस्तीचा वळसा दिसतो, घर दिसत नाही. लवकर परत आली असती तर समजलो असतो, दार उघडलं नाही. तशी आली नाही. ऊन ओट्यावरून उतरलं. आत बसवलं असेल, की दाराबाहेरच उभी आहे, एवढा वेळ, ते इथून कळत नाही.